न्यायसहायक प्रयोगशाळा : पदे भरण्याआधी रांगेचा हिशेब

ठाणे सत्र न्यायालयात वकिली करणाऱ्या एका वकील भगिनींनी मला विचारले आहे की, शासकीय न्यायसहायक (फॉरेन्सिक) वैज्ञानिक प्रयोगशाळेचे अहवाल इतके उशिरा का येतात, सर्व मंजूर पदे भरली तर हा उशीर संपेल का, आणि संपणार नसेल तर व्यवस्थापनात नेमके काय बदलले पाहिजे. त्यांच्याकडील दोन वेगळ्या प्रकरणांत एक तरुण अमली पदार्थाच्या आरोपाखाली कोठडीत आहे आणि एक विधवा पतीच्या मृत्यूचे अंतिम कारण कळण्याची वाट पाहत आहे. दोघांचेही पुढचे सारे एका ‘सी. ए. रिपोर्ट’वर, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालावर, अडले आहे. माझी नोकरी याच कामात गेली, विभागप्रमुख म्हणून मनुष्यबळाचे प्रस्तावही मी लिहिले, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देत आहे.

पदे भरलीच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु विश्लेषकाचे तास कुठे जातात आणि नमुना कुठे पडून राहतो, हे आधी मोजले नाही, तर नव्याने आलेली माणसेही त्याच जुन्या वाटेवर खर्च होतात आणि दोन-तीन वर्षांनी प्रलंबित प्रकरणांचा आकडा पुन्हा होता तिथे येतो. प्रयोगशाळेच्या कारभारात सर्वांत मौल्यवान वस्तू कोणती, असे मला विचारले तर मी कोणत्याही यंत्राचे नाव घेणार नाही. प्रशिक्षित आणि अधिकृत केलेल्या विश्लेषकाचा कामाच्या टेबलावरचा सलग तास, हीच ती वस्तू आहे. पुढे मी जे जे सुचवले आहे ते सारे या तासाच्या राखणीसाठी आहे.

एका व्हिसेराचा, म्हणजे मृतदेहातून तपासणीसाठी काढलेल्या अवयवांचा, प्रवास पाहू. कळव्याच्या रुग्णालयात शवविच्छेदन होते, डॉक्टर मृत्यूच्या कारणाबाबतचे मत राखून ठेवतात आणि जठर व त्यातील द्रव्य, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड हे मिठाच्या संपृक्त द्रावणात आणि रक्त सोडियम फ्लोराइड घातलेल्या बाटलीत जतन करतात. बरण्या मोहोरबंद होऊन पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात येतात. तिथे अग्रेषण पत्र (मुद्देमालासोबत प्रयोगशाळेला जाणारे पोलिसांचे पत्र) तयार होईपर्यंत, त्यावर वरिष्ठांची सही होईपर्यंत आणि मुद्देमाल घेऊन जायला अंमलदार मोकळा होईपर्यंत त्या तिथेच राहतात. प्रयोगशाळेच्या स्वीकृती कक्षात मोहोर जुळत नाही, शवविच्छेदनाचा अहवाल जोडलेला नाही किंवा पत्रातील वर्णन आणि बरणीवरील चिठ्ठी वेगळी आहे, अशा कारणाने काही मुद्देमाल परत जातो आणि तोच प्रवास नव्याने सुरू होतो. स्वीकारलेला मुद्देमाल भांडारात रांगेत लागतो. विश्लेषकाच्या हाती आल्यावर निष्कर्षण (नमुन्यातून विष वेगळे काढणे), टीएलसी ही प्राथमिक चाचणी, मग जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस या यंत्रांवर पदार्थाची नेमकी ओळख आणि निकालाचा अर्थ लावणे, हे काम काही दिवसांचे असते. त्यानंतर दुसऱ्या तज्ज्ञाची पडताळणी, टंकलेखन, सही, पोलीस ठाण्याला कळवणे, अंमलदाराने येऊन अहवाल नेणे, तो डॉक्टरांकडे पोचणे आणि डॉक्टरांनी अंतिम कारण लिहून देणे, एवढे टप्पे शिल्लक राहतात. त्या विधवा भगिनीच्या विम्याचा दावा यांपैकी कोणत्याही टप्प्यावर अडकू शकतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ‘लॅबकडे पेंडिंग आहे’ एवढेच ऐकू येते.

म्हणून पहिली सुधारणा अगदी साधी आहे. प्रत्येक टप्प्यावर नमुना आल्याची आणि तिथून पुढे गेल्याची तारीख बारकोडने नोंदली गेली पाहिजे आणि दर महिन्याला विभागप्रमुखाने ती आकडेवारी टप्प्यानुसार पाहिली पाहिजे. सरासरीबरोबर सर्वांत जुनी प्रकरणे स्वतंत्रपणे पाहावीत, कारण सरासरी चांगली दिसत असतानाही तळाशी जुने मुद्देमाल साचून राहतात. अमेरिकेतील लुइझियाना राज्य पोलिसांच्या प्रयोगशाळेने डीएनए विभागात कामाचे टप्पे असेच मोजून, अनावश्यक थांबे काढून टाकले. तेथे अहवालाला लागणारा सरासरी काळ २९१ दिवसांवरून ३१ दिवसांवर आला. आपली परिस्थिती वेगळी आहे आणि तेच आकडे इथे मिळतील असे मी म्हणत नाही. मात्र उशिराचा फार मोठा भाग वाट पाहण्यात असतो, हे त्या उदाहरणातून स्पष्ट दिसते.

रांगेचे गणित प्रशासनाला पटवून देणे मला नेहमीच अवघड गेले, म्हणून ते इथे उदाहरणासह मांडतो. एखाद्या विभागात महिन्याला ६०० प्रकरणे येतात आणि ५५० बाहेर पडतात असे समजा. दर महिन्याला ५० प्रकरणे साचतात, वर्षाला ६००. म्हणजे वर्षाअखेरीस नव्याने येणाऱ्या प्रकरणाला सुमारे एक महिना जास्त थांबावे लागते. अशा वेळी शासन ‘विशेष मोहीम’ काढते, सुट्टीच्या दिवशी काम होते, दुसऱ्या विभागांतून माणसे आणली जातात आणि साठा कमी होतो. परंतु आवक आणि निपटारा यांतील ५० चा फरक तसाच असल्यामुळे मोहीम संपताच साठा पुन्हा वाढू लागतो, आणि ज्या विभागांतून माणसे उचलली तिथे नवी रांग तयार झालेली असते. याला जोडून दुसरी गोष्ट अशी की, येणाऱ्या कामाइतकीच क्षमता काटेकोरपणे ठेवली तरी रांग वाढतेच, कारण आवक कधीच एकसारखी नसते. सणासुदीच्या बंदोबस्तानंतर, मोठ्या छाप्यानंतर किंवा आर्थिक वर्षाच्या शेवटी ती उसळते. मनुष्यबळ ठरवताना क्षमतेचा सुमारे पाचवा हिस्सा मोकळा ठेवावा लागतो. लेखापरीक्षणात हा मोकळा हिस्सा ‘कामाविना पदे’ म्हणून दिसतो आणि तोच आधी कापला जातो. प्रस्ताव लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने त्याचे समर्थन आकड्यांनिशी फाइलवर नोंदवून ठेवले पाहिजे.

आता तासांचा हिशेब. आकृतिबंध, म्हणजे कार्यालयातील मंजूर पदांची रचना, ठरवताना सहसा ‘एका विश्लेषकामागे वर्षाला इतकी प्रकरणे’ असा जुना मापदंड लावला जातो. तो मापदंड ज्या काळात ठरला त्या काळात डीएनए प्रोफाइल, मोबाइलमधील माहिती आणि मान्यतेची कागदपत्रे हे काहीच नव्हते. पाच दिवसांच्या आठवड्यानुसार वर्षाचे २६० कामाचे दिवस होतात. सार्वजनिक सुट्ट्या, ८ नैमित्तिक रजा आणि अर्जित रजेचा माणूस प्रत्यक्षात वापरतो तो भाग वजा केला की जेमतेम २१० ते २१५ दिवस उरतात. त्यांतून न्यायालयातील साक्षी, गुन्ह्याच्या ठिकाणची भेट, यंत्रांचे अंशांकन (मापे अचूक आहेत का ते तपासणे), प्रावीण्य चाचण्या (विश्लेषकाच्या कौशल्याची परीक्षा), नव्या सहकाऱ्याचे प्रशिक्षण, मुद्देमालाचे वर्णन लिहिणे आणि माहिती अधिकारातील उत्तरे वजा करा. काही विभागांत टेबलावरच्या कामाला दीडशे दिवसही उरत नाहीत. पदांची मागणी या उरलेल्या दिवसांवरून केली पाहिजे, आणि त्याच वेळी वजा होणारे दिवस कमी कसे करता येतील हेही पाहिले पाहिजे, कारण एका विश्लेषकाचे वीस दिवस परत मिळवणे हे नवीन पद मंजूर करून घेण्यापेक्षा कितीतरी लवकर होणारे काम आहे.

यातील सर्वांत मोठी गळती मला न्यायालयीन साक्षींची वाटते, आणि इथे वकिलांचीही मदत लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ ने आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ ने ठरावीक शासकीय वैज्ञानिक तज्ज्ञांचा अहवाल तोंडी साक्षीशिवायही पुराव्यात वाचता येतो. न्यायालयाला आवश्यक वाटल्यास ते तज्ज्ञाला बोलावू शकते, आणि त्याला स्वतः येणे शक्य नसेल तर प्रकरणाची माहिती असलेल्या जबाबदार अधिकाऱ्याला पाठवता येते. प्रत्यक्षात अहवालात वाद नसतानाही समन्स निघते. विश्लेषक मुंबईतील कलिन्याच्या मुख्य प्रयोगशाळेतून किंवा आणखी दूरच्या प्रयोगशाळेतून ठाणे, कल्याण, बेलापूर किंवा पनवेलच्या न्यायालयात येतो आणि त्या दिवशी सुनावणी तहकूब होते. त्याचा पूर्ण दिवस गेलेला असतो, आणि शिवाय आदल्या दिवशी त्याने लांब चालणारी चाचणी सुरूच केलेली नसते. नव्या संहितेच्या कलम ५३० मुळे दूरदृश्य माध्यमातून साक्ष घेण्याला स्पष्ट आधार मिळाला आहे. प्रत्येक प्रयोगशाळेत त्यासाठी एक शांत, नीट साधने असलेली खोली असावी, साक्षींचे ठरावीक वार असावेत आणि सरकारी वकिलांच्या अभियोग संचालनालयाशी समन्वय ठेवणारा एक अधिकारी असावा. बचाव पक्षाला खरोखर उलटतपासणी करायची असेल तर तो त्याचा हक्क आहे आणि तज्ज्ञाने तिला निर्भयपणे सामोरे गेले पाहिजे; परंतु कोणत्या मुद्द्यावर आक्षेप आहे ते आधी लेखी कळले, तर साक्षही अधिक उपयोगी होते.

दुसरा मोठा ताण नव्या कायद्याने येत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेच्या कलम १७६ च्या उपकलम ३ नुसार, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. राज्यांनी पाच वर्षांच्या आत अधिसूचना काढून ही तरतूद अमलात आणायची आहे. ही तरतूद अत्यंत चांगली आहे, कारण घटनास्थळावर चुकलेला पुरावा प्रयोगशाळेतील कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही. पण मनुष्यबळाचा अर्थ काय होतो ते पाहा. एक जागा आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास भरलेली ठेवायची तर १६८ तास होतात. एक माणूस आठवड्याला ४० तास काम करतो, त्यामुळे रजा-सुट्ट्या धरून एका जागेसाठी किमान पाच माणसे लागतात. घोडबंदर रस्ता, भिवंडी, कल्याण-शीळ रस्ता आणि पलीकडे पनवेल-उरण, या अंतरांचा आणि इथल्या वाहतुकीचा विचार केला, तर ठाणे आणि नवी मुंबई या दोन पोलीस आयुक्तालयांना एकेक पथक पुरणार नाही. राज्याने २०२५ मध्ये मोबाइल फॉरेन्सिक व्हॅन रस्त्यावर आणल्या, त्याचे मी मनापासून स्वागत करतो. त्या व्हॅनमधील माणसे मात्र प्रयोगशाळेतील विश्लेषकांमधून उचलता कामा नयेत. घटनास्थळ तपासणीचा स्वतंत्र संवर्ग हवा, त्याचे प्रशिक्षण वेगळे हवे आणि त्याला पुढे पदोन्नतीची वाटही हवी. नाही तर रात्री मुंब्र्यात घटनास्थळी गेलेला विश्लेषक दुसऱ्या दिवशी टेबलावर नसतो, आणि एका उत्तम कायद्यामुळे त्याच प्रकरणाचा अहवाल लांबतो.

भरतीबद्दल माझे मत ठाम आहे. नियत वयोमानानुसार कोण केव्हा निवृत्त होणार हे सेवापुस्तकात पहिल्या दिवसापासून लिहिलेले असते. तरीही पद रिक्त झाल्यावर मागणीपत्राची जुळवाजुळव सुरू होते. बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांचा क्रम) तपासून घेणे, सेवाप्रवेश नियमांतील त्रुटी, लोकसेवा आयोगाची किंवा स्पर्धा परीक्षेची प्रक्रिया, निकालावरील न्यायालयीन आव्हाने, चारित्र्य आणि जात पडताळणी, वैद्यकीय तपासणी, हे सर्व होईपर्यंत बराच काळ जातो. त्यानंतर रुजू झालेला वैज्ञानिक सहायक लगेच अहवालावर सही करू शकत नाही. डीएनए, बॅलिस्टिक्स (बंदुका व गोळ्यांची तपासणी) किंवा सायबरसारख्या विभागांत स्वतंत्रपणे काम सोपवण्याआधी एक ते दोन वर्षांचे देखरेखीखालचे काम आणि सक्षमता चाचणी आवश्यक असते, आणि त्या काळात त्याला शिकवणाऱ्या ज्येष्ठाचाही वेळ खर्च होतो. म्हणजे मोठी भरती झाल्यावर पहिल्या वर्षी निपटारा थोडा घटतो. हे आधी न सांगितल्यामुळे ‘माणसे दिली तरी काम होत नाही’ असा शेरा फाइलवर पडतो आणि पुढची मागणी नाकारली जाते. यावर मार्ग एकच आहे: पाच वर्षांचे निवृत्ती, पदोन्नती आणि राजीनामे यांचे अनुमान तयार ठेवावे, मागणीपत्र किमान दोन वर्षे आधी पाठवावे, आणि दहा वर्षांतून एकदा शेकडो पदे भरण्याऐवजी दरवर्षी थोडी पदे भरावीत. एकाच वर्षी रुजू झालेली तुकडी एकाच काळात निवृत्त होते आणि तेव्हा अनुभवाची संपूर्ण पिढी एकदम निघून जाते, हा धोका मी जवळून पाहिला आहे.

कंत्राटी नेमणुकांचा मोह मला समजतो, कारण त्या लवकर होतात. स्वीकृती कक्ष, माहितीची नोंद, यंत्रांची देखभाल यांसाठी त्या चालतील. परंतु अहवालावर सही करणारा माणूस अकरा महिन्यांच्या करारावर असणे न्यायाच्या दृष्टीने योग्य नाही. खटला उभा राहीपर्यंत काही वर्षे जातात. तोवर तो तरुण एखाद्या औषध कंपनीत किंवा परदेशात गेलेला असतो आणि त्याने केलेल्या कामाबद्दल दुसऱ्याला साक्ष द्यावी लागते. शिवाय ज्याची नोकरी पुढील नूतनीकरणावर अवलंबून आहे, त्याने वरिष्ठांना न आवडणारा निष्कर्ष ठामपणे लिहावा, ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे.

शैक्षणिक पात्रतेबाबतही वाद होत असतात. मुंबईत २००९ मध्ये शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था सुरू झाली, पुढे छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथेही झाल्या. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाला २०२० च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय दर्जा मिळाला. या शाखेत शिकलेल्या मुलामुलींना शासकीय सेवेचे दार उघडे असलेच पाहिजे. त्याच वेळी विषशास्त्राच्या टेबलावर रसायनशास्त्राचा भक्कम पाया असलेला पदव्युत्तर विद्यार्थी अत्यंत उपयोगी पडतो, हेही खरे आहे. पदाच्या कामाप्रमाणे पात्रता ठरवावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उत्तम विश्लेषकाला वरच्या वेतनश्रेणीत जाण्यासाठी प्रशासकीय खुर्चीच गाठावी लागू नये. तज्ज्ञ म्हणूनच त्याला पुढे जाता यावे अशी स्वतंत्र शिडी हवी. आज आपण चांगल्या तज्ज्ञाला पदोन्नती देतो आणि त्याच दिवशी त्याला टेबलापासून दूर नेतो.

सहायक कर्मचाऱ्यांबद्दल फारसे कोणी बोलत नाही. भांडारपाल, प्रयोगशाळा परिचर, टंकलेखक, वाहनचालक ही पदे कपातीत आधी जातात, आणि मग प्रथम वर्ग अधिकारी बरण्या उचलतो, मोहोर लावतो, अहवाल स्वतः टंकित करतो. यंत्रांचेही तसेच आहे. जीसी-एमएसचा वार्षिक देखभाल करार संपला आणि नवीन करार निविदेत अडकला की संपूर्ण विभाग थांबतो. डीएनए किटला वापराची मुदत असते आणि मार्चअखेरीस एकदम घेतलेली किटे पुढील काही महिन्यांतच कालबाह्य होऊ लागतात. खरेदी आणि करार सांभाळणारा, निविदा प्रक्रिया जाणणारा एक पूर्णवेळ व्यवस्थापक प्रत्येक प्रादेशिक प्रयोगशाळेत असेल, तर तो अनेक विश्लेषकांचे तास वाचवील.

आता आवक. ठाणे-नवी मुंबई परिसरातून प्रयोगशाळेकडे काय येते ते पाहा: मद्यप्राशन करून वाहन चालवणाऱ्यांच्या रक्ताचे नमुने, खाडीकाठच्या हातभट्ट्यांवरील छाप्यांतील बाटल्या, तळोजा आणि भिवंडी परिसरातील रसायनांशी संबंधित प्रकरणे, मेफेड्रोन हा अमली पदार्थ, लैंगिक अत्याचारांतील कपडे व स्वॅब, मोबाइल फोन, आणि व्हिसेरा. या साऱ्यांना एकाच रांगेत उभे करणे चूक आहे. रक्तातील अल्कोहोलची चाचणी हेडस्पेस जीसी या यंत्रावर मोठ्या संख्येने, जवळजवळ स्वयंचलितपणे होते; १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे आणि प्रश्न तेवढाच आहे. तिच्यासाठी वेगळी, जलद रांग हवी आणि अशा चाचण्या ठाण्याच्या लघु प्रयोगशाळेसारख्या जवळच्या ठिकाणी झाल्या पाहिजेत, म्हणजे कलिन्याच्या मुख्य प्रयोगशाळेतील तज्ज्ञ अवघड प्रकरणांसाठी मोकळे होतील.

अग्रेषण पत्रात अनेकदा ‘सर्व आवश्यक तपासण्या करून अहवाल मिळावा’ एवढेच वाक्य असते. हे वाक्य तासांचा फार मोठा नाश करते. प्रयोगशाळेत अनुभवी ‘प्रकरण व्यवस्थापक’ असावा आणि त्याने मुद्देमाल स्वीकारण्यापूर्वी तपास अधिकाऱ्याला फोन करून विचारावे की नेमका प्रश्न काय आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पंचवीस वस्तू पाठवल्या असतील, तर सर्वाधिक उपयोगी चार-पाच आधी तपासाव्यात आणि उत्तर मिळाले नाही तरच पुढच्या घ्याव्यात. मेफेड्रोनसारख्या प्रकरणांत, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० मधील हिरा सिंग खटल्याच्या निर्णयानंतर व्यापारी प्रमाण (कठोर शिक्षेसाठी कायद्याने ठरवलेले मोठे प्रमाण) ठरवताना मिश्रणाचे एकूण वजन धरले जाते. त्यामुळे शुद्धतेची टक्केवारी काढणे प्रत्येक प्रकरणात आवश्यक आहे का, हे अभियोग पक्षाशी बोलून ठरवावे. व्हिसेराच्या बाबतीत न्यायवैद्यक डॉक्टरांशी नियमित बैठक घेतली, तर केवळ सवयीने जतन होणारे नमुने कमी होतील. हाच प्रकरण व्यवस्थापक आणखी एक महत्त्वाचे काम करू शकतो. आरोपीने कबुली दिली आहे, पोलिसांना कोणावर संशय आहे, ही माहिती विश्लेषकाला चाचणीसाठी लागत नाही. ती व्यवस्थापकाकडेच थांबली तर नजर कळत-नकळत झुकण्याचा धोका कमी होतो.

प्राधान्यक्रम लेखी आणि सर्वांना माहीत असलेला हवा. आरोपी कोठडीत असेल तर संहितेच्या कलम १८७ नुसार ६० किंवा ९० दिवसांची, आणि अमली पदार्थांच्या व्यापारी प्रमाणाच्या प्रकरणांत १८० दिवसांची, आरोपपत्र दाखल करण्याची मर्यादा धावत असते. बलात्कार आणि पोक्सो प्रकरणांत तपास दोन महिन्यांत पूर्ण करायचा असतो. स्वीकृतीच्या वेळीच ही तारीख संगणकात घालून रांग तिच्यानुसार लावावी. आज बऱ्याच वेळा रांग फोनवरून ठरते. वृत्तपत्रात गाजलेले प्रकरण पुढे येते आणि ज्याच्यासाठी कोणी फोन करत नाही असा कोठडीतील तरुण मागे राहतो. विभागप्रमुखाला असे फोन नम्रपणे नाकारता यावेत यासाठी त्याच्या हाती शासनाचे लेखी धोरण असले पाहिजे.

कामगिरी कशी मोजायची, हा प्रश्न मला फार जिव्हाळ्याचा आहे. केवळ निकाली काढलेल्या प्रकरणांची संख्या मोजली तर काय होते, ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने अनुभवले. तेथील अमली पदार्थ प्रयोगशाळेतील एक रसायनज्ञ सहकाऱ्यांच्या कितीतरी पट नमुने तपासत असे आणि त्याबद्दल तिचे कौतुक होत असे. २०१२ मध्ये उघड झाले की अनेक नमुने प्रत्यक्ष न तपासताच तिने निष्कर्ष लिहिले होते. २०१७ मध्ये तिथे एकवीस हजारांहून अधिक प्रकरणे रद्द करावी लागली. इतका वेग शंकास्पद आहे हे तिच्या वरिष्ठांना दिसायला हवे होते. संख्येबरोबर पडताळणीत परत आलेले अहवाल, प्रावीण्य चाचण्यांचे निकाल आणि आयएसओ/आयईसी १७०२५ मानकानुसार एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता हे सर्व पाहिले पाहिजे. ह्यूस्टनची पोलीस प्रयोगशाळा एकेकाळी इतकी बदनाम झाली होती की २००२ मध्ये तिचा डीएनए विभाग बंद करावा लागला. २०१४ मध्ये तिची सूत्रे पोलिसांपासून वेगळ्या, स्वतःचे संचालक मंडळ असलेल्या संस्थेकडे गेली. पुढे त्या संस्थेने खऱ्या प्रकरणांसारखेच दिसणारे बनावट नमुने विश्लेषकांना न सांगता रोजच्या कामात मिसळायला सुरुवात केली. हे आपल्याकडेही एका पोलीस ठाण्याच्या सहकार्याने सुरू करता येईल. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

स्वायत्ततेबाबत एवढेच सांगतो की, आपली प्रयोगशाळा गृह विभागाखाली आहे, आणि ती तिथेच राहिली तरी तिचे अंदाजपत्रक, बदल्या आणि अधिकाऱ्यांच्या कामगिरीचे गोपनीय अहवाल तपास यंत्रणेच्या हाती नसावेत, तसेच प्रमुखपदी वैज्ञानिक असावा.

खासगी प्रयोगशाळांकडे काम द्यावे का, असेही या भगिनींनी विचारले आहे. इंग्लंडमध्ये शासकीय न्यायसहायक सेवा तोट्यात असल्याच्या कारणाने २०१२ मध्ये बंद झाली आणि काम बाजारावर सोपवले गेले. २०१७ मध्ये मँचेस्टरच्या एका खासगी विषशास्त्र प्रयोगशाळेतील आकड्यांत फेरफार झाल्याचे समोर येऊन दहा हजारांहून अधिक चाचण्यांवर प्रश्नचिन्ह लागले, आणि अखेर २०२१ मध्ये नियामकाला वैधानिक अधिकार देणारा कायदा करावा लागला. माझ्या मते मुद्देमालाची वाहतूक, यंत्रांची देखभाल, संगणक प्रणाली ही कामे बाहेर द्यावीत. निष्कर्ष देण्याचे काम मजबूत नियामक येईपर्यंत शासनाकडेच असावे.

आपल्या वकील संघाला यात काही करायचे असेल, तर निवेदनाआधी माहिती मागवा. माहिती अधिकारात विभागवार पुढील आकडे विचारता येतील: दर महिन्याची आवक आणि निपटारा, प्रलंबित प्रकरणांपैकी तीन महिन्यांहून, सहा महिन्यांहून आणि वर्षाहून जुनी किती, मंजूर, भरलेली आणि कंत्राटी पदे किती, स्वतंत्र कामासाठी अधिकृत केलेले विश्लेषक किती, पुढील पाच वर्षांत निवृत्त होणारे किती आणि त्यांच्या जागांचे मागणीपत्र कोणत्या तारखेला गेले, देखभाल करार संपलेली यंत्रे कोणती, आणि साक्षीसाठी गेलेल्या दिवसांपैकी प्रत्यक्ष साक्ष झालेले दिवस किती. शेवटचा आकडा प्रयोगशाळेकडे तयार नसेल, तर ठाणे आणि बेलापूर न्यायालयांतील आपल्या सहकाऱ्यांनी सहा महिने तो स्वतः नोंदवून प्रमुख जिल्हा न्यायाधीशांपुढे ठेवावा. दूरदृश्य साक्षींचे वार ठरवून घेण्यासाठी तेवढा आधार पुरेसा होईल.